नऊ तारखेच्या आधीची वही

आठ तारखेचं पान माझ्याकडे आहे.
इयत्ता तिसरी, शुद्धलेखन.
‘झ’ची शेपटी नेहमीसारखी ओळीखाली लोंबलेली
आणि समासात ठोंबऱ्यांचं मांजर.

दहा तारखेचंही आहे.
अक्षरं मुंगीएवढी, एकीवर एक चढलेली,
‘नदी’ हा शब्द इतक्यांदा खोडलाय
की कागदाला भोक, आणि भोकातून
दिसतं मागचं पान.

मधली नऊ. गुरुवार.
त्या दिवशी वहीत काहीच नाही.
त्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला
हिमानी नळाखाली हात धरून उभी राहिली
ती उभीच राहिली.
वरची टाकी संपली.
घणसोलीच्या आमच्या इमारतीत
पाण्यावरून पहिल्यांदाच आमचं नाव फळ्यावर लागलं.

मला वाटायचं, आजार येतो
भिंतीला ओल येते तसा.
हा तसा आला नाही.
दुपारी जेवलेली मुलगी रात्री म्हणाली,
भात घशात अडकेल, मी मरेन.
दर दहा मिनिटांनी बाथरूम.
आई कचरा टाकायला खाली गेली
तरी जिन्यात ऐकू जाईल असा हंबरडा.
आणि डोळे, मिचकावतेय असं वाटावं,
पण ती मिचकावत नव्हती.

शाळेने सांगितलं, लाड कमी करा.
सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.
रबाळ्याच्या एका डॉक्टरने तिच्याकडे न बघता लिहिलं, हट्टी.
खोटं कशाला बोलू,
मीसुद्धा एकदा हात उगारला.
ती हलली नाही. म्हणाली,
“बाबा, मारलंस तर दोन्ही गालांवर मार.
एकाच गालावर मारलंस तर आईला काहीतरी होईल.”

तो हात मी अजून खाली घेतोय.

मी लिफ्टचा माणूस.
ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना
पंधरा वर्षं बंद पडलेल्या लिफ्ट उघडतोय.
चांगली चालणारी लिफ्ट सातव्या मजल्यावर अडते,
दार उघडते मिटते, उघडते मिटते,
आणि लोक म्हणतात, बोर्ड गेला, डोकंच गेलं हिचं.
बहुतेकदा डोकं शाबूत असतं.
खाली खड्ड्यात पाणी शिरलेलं असतं
आणि ते कुणी बघितलेलं नसतं.
माहीत होतं मला हे.
घरी आल्यावर बूट काढतो तसं
तेही दारात काढून ठेवत होतो.

वाशीच्या बाईंनी विचारलं, कधीपासून?
नऊ तारीख, म्हटलं. पावणेसात.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
“तारीख सांगता येते तुम्हाला?”
मग तिच्याकडे वळून, अगदी हळू,
“घसा दुखला होता का गं तुझा?”

दुखला होता.
मावसभावाच्या हळदीनंतर, कोपरखैरण्याला.
दोन दिवस ताप, दोन गोळ्या, विसरलो.

बाई म्हणाल्या, असं असू शकतं.
जंतूंवर धावून गेलेले शरीराचेच पहारेकरी
कधीकधी अंधारात घरच्यालाच धरतात.
म्हणाल्या, सगळे डॉक्टर हे मानत नाहीत.
म्हणाल्या, तपासू, औषध देऊ, बोलतही राहू तिच्याशी,
आणि वचन देणार नाही.
त्या न दिलेल्या वचनाला धरून
आम्ही दोघं पामबीचवरून घरी आलो,
सुलक्षा मागे, दोघींच्या मध्ये
जागा शिल्लक नव्हती.

आता पाच महिने झाले.
भात खाते, आधी वास घेऊन.
मध्ये तीन आठवडे तर अगदी जुनी हिमानी,
भांडकुदळ, पसारा करणारी,
आणि मग वर्गात कुणीतरी शिंकलं.

तिच्या एका खोकल्याने आम्ही रात्री उठून बसतो
आणि एकमेकांना सांगत नाही की उठलोय.

खाली लिफ्टचं बटण तिला चारदा दाबायचं असतं.
कधी तीनदा. काल दोनदा दाबून
बोट हवेत ठेवलं तिने, खूप वेळ,
ओठ हलत होते.
वरून कुणीतरी ओरडलं, अरे लिफ्ट सोडा!

मी दार पायाने अडवून धरलं.
सांगितलं, काम चालू आहे.